पोह्यांच्या बशीखालचा तोफखाना

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी खरी तोफ डागली नाही. दिवाळीत लवंगी पेटवायची तरी ते उदबत्ती लांब काठीला बांधत आणि तोंड दुसरीकडे वळवत. तरीही देवासला आमच्या कारखान्याच्या कॉलनीत तोफखान्यातलं त्यांच्याएवढं कोणाला कळत नाही, असं सगळे मानत. हा समज दूर करायचा प्रयत्न वडिलांनी कधी केला नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीकडची नोकरी सोडून वडील देवासच्या नव्या कारखान्यात टूलरूममध्ये लागले होते. कॉलनीत निम्मे लोक आमच्यासारखेच महाराष्ट्रातून आलेले, आणि रविवारी करायचं काय, हा सगळ्यांपुढेच प्रश्न होता. बायकांनी भजनी मंडळ काढलं. पुरुषांनी युद्ध काढलं.

युद्धाची कल्पना फाटकावरच्या सुभेदारसाहेबांची. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्याकडे पहारेकऱ्यांचे मुख्य झाले होते. वाळूवर नकाशा मांडून लढाई कशी शिकवतात ते त्यांनी वडिलांना दाखवलं आणि वडील त्या दिवसापासून कामातून गेले. त्यांनी प्लायवूडचा एक मोठा पाट केला. त्यावर सरस आणि लाकडाच्या भुशाची टेकडी, निळ्या फितीची क्षिप्रा, पुठ्ठ्याची दोन गावं आणि प्रत्येक गावात एक निशाण. शर्टाची बटणं म्हणजे पायदळ, कवड्या म्हणजे घोडदळ. तोफा मात्र खऱ्या पितळेच्या. भंगारातले तुकडे मागून घेऊन जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातलेल्या, बोटाएवढ्या. "माझ्या मंगळसूत्राला एवढं कधी पुसलं नाही कोणी," असं आई म्हणायची.

खेळ समजायला सोपा होता. प्रत्येकाला मूठभर चिंचोके मिळत, ते तोफगोळे. तोफेपासून निशाण्यापर्यंत एक ठरावीक लांबीचा दोरा धरायचा. दोरा पोचला तर गोळा पोचला, मग फासा टाकून नुकसान किती ते ठरवायचं. दोरा अपुरा पडला तर चिंचोका फुकट. ज्याने समोरच्याचं निशाण पाडलं तो जिंकला. दोरा धरायचं काम माझं होतं. माझी नजर चोख आहे, असं सुभेदारसाहेबांनी एकदा जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून कॉलनीतले चांगले मिशाळ लोक माझ्या दोऱ्याकडे परीक्षेच्या निकालासारखे बघत. मी शाळेत शिकवत होते, पण खरा मान मला त्या दोऱ्याने मिळाला.

टेकडी पाटाच्या मधोमध होती. देवासच्या माणसाला टेकडी म्हटली की गावातली देवळाची, माताजींचीच. त्यामुळे तिच्या माथ्यावर तोफ चढवायला सुरुवातीला कोणी तयार होईना. सुभेदारसाहेबांनी तर पाटाजवळ बसताना चपलाही काढल्या. वडिलांना ही अडचण कधी आलीच नाही, कारण त्यांच्या मते शहाणा माणूस तोफ माथ्यावर ठेवतच नाही. टेकडीच्या आड ठेवतो. माथ्यावर ठेवायचा फक्त टेहळ्या, म्हणजे एक लाल मणी. तो बघणार आणि सांगणार, तोफा आडूनच मारणार. "दिसली ती गेली," असं वडील तोफेबद्दल म्हणत. त्यांचे बाकीचे नियमही तोंडपाठ होते. तोफा पांगवायच्या नाहीत, सगळ्यांनी मिळून एकच जागा भाजून काढायची. तोफेजवळ पायदळाचा पहारा हवाच. दोन गोळे झाले की जागा बदलायची. शेवटचा चिंचोका मुठीत ठेवायचा. आणि निशाण्याशिवाय गोळा सोडायचा नाही, कधीही नाही. काही लोक तोफ डागताना तोंडाने "धुडूम" म्हणत, त्यांच्याकडे वडील फार खिन्नपणे बघत.

आमच्या घरात हे नियम खरे कळले होते ते आईला. ती आयुष्यभर स्वयंपाकघराच्या पडद्याआडून मारा करत आली. स्वतः कधी दिसली नाही आणि नेम कधी चुकला नाही.

वडील रविवारचा डाव कधी हरत नसत. हे कौतुकाचं होतं, माझं लग्न निघेपर्यंत. मग त्याची झळ लागायला लागली. पहिलं स्थळ इंदूरचं. मुलाचे काका हौशीने पाटावर बसले आणि चहा यायच्या आत वडिलांनी त्यांचं गाव भाजून काढलं. पत्रिका जुळत नाही असं चार दिवसांत कळवलं गेलं, जी आधी छान जुळत होती. दुसरं उज्जैनचं. त्या मुलाचे वडील दोऱ्यावरून भांडले, मी मोजून दाखवलं, आणि मुलगी फार बोलते असा निरोप आला. मी "अपुरा" एवढा एकच शब्द बोलले होते.

तिसरं स्थळ धारचं होतं आणि तो मुलगा मला हवा होता. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही, आज सांगायला हरकत नाही. तो धारला कॉलेजात भूगोल शिकवायचा. परीक्षेच्या कामासाठी आमच्या शाळेत आला असताना त्याने शिक्षकांच्या खोलीतल्या नकाशासमोर उभं राहून विचारलं होतं, "ये नर्मदा यहाँ से क्यों जा रही है?" तो नकाशा आमच्या भिंतीवर किती वर्षं होता देव जाणे, आणि नदी चुकीची छापली आहे हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. नंतर कोणा मध्यस्थाने तेच स्थळ आणलं तेव्हा मी दोन दिवस वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

मुलाचं घराणं धारच्या जुन्या दरबारी मराठ्यांतलं. पणजोबा संस्थानच्या तोफखान्यावर अधिकारी होते, असं मध्यस्थ म्हणाला आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"तो पाट नजरेला पडता कामा नये," ती वडिलांना म्हणाली.

"नाही पडणार."

"आणि पडलाच तर हरायचं."

वडिलांनी हातातली तोफ पुसायची थांबवली. मग म्हणाले, "हरायचं म्हणजे कसं?" ते खरंच विचारत होते.

पाहुणे आले त्या सकाळी पाट लपवायला जागा सापडेना. पलंगाखाली तो मावत नव्हता आणि शेजारी द्यायला वडील तयार नव्हते. शेवटी आईनेच तोडगा काढला. पाट दोन स्टुलांवर ठेवून त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकला, म्हणजे टेबलही झालं. टेकडी पाटाला चिकटवलेली होती, ती निघत नव्हती, म्हणून तिच्यावर फुलदाणी उभी केली. तोफा आणि बटणं होती तिथेच राहिली, कारण आदल्या रविवारचा डाव अर्धवट होता आणि मोडायला वडिलांचा हात उठला नाही.

मुलाचे वडील काळा कोट आणि टोपी घालून आले. बोलणं जुन्या वळणाचं, मधूनच माळव्याचा हेल. मला "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कुठे आहेत?" असं विचारलं, तेव्हा मी त्यांच्यासमोरच पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. मुलगा शेजारी गप्प बसला होता. मी बशी ठेवली. ती तिरकी झाली. मी सरकवली, ती दुसऱ्या बाजूला कलली. पोह्यांवरची शेव ओळीने घरंगळत क्षिप्रेच्या दिशेने गेली. मुलाच्या वडिलांनी चष्मा सावरला, टेबलक्लॉथचा कोपरा दोन बोटांनी उचलला आणि आत वाकून बघितलं.

"तोफा?" ते म्हणाले.

पाच मिनिटांत पोहे खिडकीत गेले आणि फुलदाणी जमिनीवर. नवा डाव मांडला गेला. सद्गृहस्थांच्या डोळ्यांत अशी चमक होती की नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पडद्याआडून आई एकदा खोकली. हरायची आठवण होती ती.

मग पाहुण्यांनी आपल्या तोफा मांडल्या, आणि वडील बघतच राहिले. मीसुद्धा. त्यांनी सगळ्या तोफा अगदी पुढे, उघड्या मैदानात, सरळ एका रांगेत लावल्या. सगळ्यांत मोठी मधोमध, बाकीच्या दोन्ही बाजूंना उतरत्या मानाने. पायदळ मागे, जसं मिरवणूक बघायला उभं असतं तसं. टेहळ्याचा लाल मणी हातात घेऊन विचारलं, "हा कोण?" आणि उत्तर ऐकून तो खिशात टाकला. मग टोपी नीट केली, उठून उभे राहिले आणि वडिलांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "धुडूम! धुडूम! धुडूम!" तीन चिंचोके त्यांनी असेच सोडले. निशाणा काही नाही. गोळे आकाशात.

झाल्यावर ते खाली बसले आणि वाट बघत राहिले.

वडिलांची हरायची तयारी होती, हे मी शपथेवर सांगेन. पण रांगेत उभ्या असलेल्या उघड्या तोफा समोर बघून त्यांच्या हाताला सवय आवरेना. त्यांनी टेकडीआडून पहिला गोळा टाकला आणि पाहुण्यांच्या उजव्या टोकाची तोफ गेली. पडद्याआडून असा खोकला आला की मुलाने विचारलं, "आईंची तब्येत बरी नाही का?"

त्यानंतर मात्र वडिलांनी प्रामाणिकपणे हरायचा प्रयत्न सुरू केला, आणि ते किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आपल्या तोफांवरचा पहारा काढून घेतला. पाहुण्यांचं घोडदळ चार बोटांवर उभं होतं, पण ते हलेचना. वडिलांनी विचारलं, "या तोफा आपण घेत का नाही?" तर ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी येऊन त्यांच्या तोफेला हात लावायचा? छे, छे." वडिलांनी मुद्दाम रिकाम्या शेतावर गोळा मारला, तर पाहुण्यांनी त्याच वेळी तिकडे आपलं पायदळ "जरा सावलीला" म्हणून नेलं. वडिलांनी फासा टाकायला मुलाला दिला, तर त्याला नेमकं सगळ्यांत मोठं दान पडलं. हरायचं ठरवलेल्या माणसाला फासा इतका धार्जिणा झालेला मी पुन्हा पाहिला नाही. पाहुण्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तोफा डागल्या होत्या, पण दसऱ्याला, राजपुत्राच्या जन्माला, पाहुण्याच्या स्वागताला. त्या दिसायला हव्यात, ऐकू यायला हव्यात. लागायच्या असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मला मात्र हसू येत नव्हतं. हे तिसरं स्थळ, आणि मला हवं असलेलं पहिलंच.

शेवटी पाहुण्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मधली मोठी तोफ वडिलांच्या निशाणावर धरली. वडिलांचा चेहरा उजळला. मी दोरा घेऊन वाकले, तर वडिलांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "मी मोजतो," म्हणाले. कधी नाही ते. त्यांनी दोऱ्याचं एक टोक तोफेच्या तोंडाशी धरायच्या ऐवजी अंगठ्याखाली पुढे सरकवलं, दुसरं ताणलं आणि म्हणाले, "पोचला!"

एका बोटाच्या फरकासाठी सख्ख्या मित्राशी महिनाभर अबोला धरणारा हा माणूस. माझ्यासाठी ते खोटं मोजत होते.

"एक मिनट," मुलगा म्हणाला. तो पाटावर वाकला होता. "एक बार फिर से… म्हणजे, परत मोजून घेऊ का? दोरा जरा पुढून धरला गेला."

आई खोकायचीसुद्धा विसरली. मुलगा आपल्याच वडिलांचा विजय मोडत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याने दोरा उचलून माझ्यापुढे धरला. "तुम्ही मोजा," म्हणाला. मी वडिलांकडे बघितलं. ते खाली बघत होते. मी दोरा धरला, तोफेच्या तोंडापासून, नेहमीसारखा.

"अपुरा," मी म्हणाले.

खोटं उघडं पडलं होतं, तेही मुलीकडच्यांचं, आणि का केलं ते कोणालाही कळण्यासारखं होतं. मुलाच्या वडिलांनी हळूच टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि उठले. "येतो आम्ही," म्हणाले. संपलं, असं मला वाटलं.

"आपण रागावलात," वडील कसेबसे म्हणाले. "माझी चूक झाली. हरलात असं वाटू नये म्हणून मी…"

"हरण्याचं काय घेऊन बसलात?" सद्गृहस्थ म्हणाले. "संस्थान गेलं, जहागीर गेली, तोफा कोणत्या कबाड्याकडे गेल्या ठाऊक नाही. हरायची सवय आहे आम्हाला." त्यांचा आवाज एकदम दुखावलेला झाला. "पण आम्ही आल्याआल्या तीन बार काढले. उभं राहून. आपल्याकडून उत्तराचा एक बार नाही. उलट आमची तोफ उडवलीत. सोयरीक नको असेल तर तोंडाने सांगायचं होतं."

तीन गोळे आकाशात का गेले, हे वडिलांना तेव्हा कळलं. ती सलामी होती, आणि त्यांनी ती बावळटपणात मोजली होती. आम्ही सांगलीकडचे, नोकरीवर आलेले. सलामीला उत्तर द्यायचं असतं हे आमच्यात कोणाला माहीत असणार?

त्यांनी मूठ उघडली. तिच्यात एकच चिंचोका होता, शेवटचा. पाहुण्यांचं निशाण पल्ल्यात होतं. वडिलांनी टेकडीआडून आपली सगळ्यांत चांगली तोफ काढली, माथ्यावरून पलीकडे नेली आणि अगदी पुढे, उघड्या मैदानात, पाहुण्यांच्या रांगेसमोर ठेवली. तिचं तोंड आकाशाकडे केलं आणि तो चिंचोका तिच्यापुढे ठेवला. मग उभे राहिले. कान लाल झाले होते. कारखान्यात शिपायालासुद्धा ज्यांचा आवाज चढलेला माहीत नव्हता, ते माझे वडील खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "धुडूम."

फार हळू म्हणाले. पण म्हणाले.

सद्गृहस्थांनी चष्मा सावरून ती तोफ बघितली. मग टोपी काढून मांडीवर ठेवत बसले. "चहा झाला नाही अजून, विहीणबाई," त्यांनी पडद्याकडे बघून आवाज दिला. पडद्याआडून कपबशांचा असा खडखडाट झाला की एखादी फुटली असावी. डाव बरोबरीत सुटला. निदान देवासला आम्ही तसं समजतो. धारला अजून असं सांगितलं जातं की देवासच्या तोफखान्याने आमच्यापुढे शस्त्र ठेवलं. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, पण दुरुस्ती केली नाही.

लग्न देवासलाच झालं. निघायच्या वेळी आई पदर तोंडात धरून रडत होती, भजनी मंडळ रडत होतं, सुभेदारसाहेबांनी मान फिरवली होती. वडील कुठे दिसेनात. जीप क्वार्टरच्या समोर आली तेव्हा मी बघितलं. आमच्या पुढच्या बुटक्या भिंतीवर त्यांनी आपल्या सगळ्या पितळी तोफा मांडल्या होत्या. आड काही नाही, पहारा नाही, सरळ एका रांगेत, मोठी मधोमध, लख्ख पुसलेल्या. भर रस्त्यावर, कोणीही उचलून न्याव्या अशा. ते त्यांच्यामागे ताठ उभे होते.

जीप हळू झाली. वडिलांनी बार काढायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, तरी आला नाही. ते तसेच उभे राहिले आणि मला काही दिसेनासं झालं.

पुढच्या सीटवरून माझ्या सासऱ्यांनी ड्रायव्हरला थांबवलं, खाली उतरले, टोपी नीट केली आणि भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हात जोडले.

"पोचली, व्याहीबुवा," ते म्हणाले. "सलामी पोचली."